न दाखवलेला हात

सायकलच्या शर्यतीत माणसाचा खरा स्वभाव उघडा पडतो. हे वाक्य मी स्वतः दोनदा माइकवरून बोलले आहे, त्यांपैकी एकदा खांद्यावर शाल असताना, आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. प्रत्यक्षात शर्यतीत दिसतं ते पुढच्याचं मागचं चाक आणि त्या चाकाच्या वरचा देह. तासभर तेवढंच बघायचं असतं. त्यातून कुणाचा स्वभाव कळत असेल तर मला तरी कळलेला नाही. माझा स्वतःचा मात्र एकदा कळला, आणि त्याला अख्खी शर्यत लागली नाही. वीतभर खोल खड्डा पुरला.

मी अलिबागला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. चाळिशी ओलांडली की आमच्याकडे लोक योगासनांकडे, अध्यात्माकडे किंवा सोसायटीच्या कमिटीकडे वळतात. मी ट्रायथलॉनकडे वळले. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं, आणि मधे कुठेही थांबायचं नाही, असा तो प्रकार. पोहण्याचा सराव किहीमच्या समुद्रात करायचे. सुट्टीला मुंबईहून आलेली मंडळी मला बुडणारी बाई समजून किनाऱ्यावरून हाका मारत, आणि मी हात हलवून ठीक आहे असं सांगितलं की आणखी घाबरत.

ट्रायथलॉनमध्ये सायकल एकट्याने चालवायची असते. पुढच्याच्या पाठीला चिकटून, त्याच्या आडोशाने जायला बंदी. ठरावीक अंतर राखलं नाही तर शिक्षा होते. आपला वारा आपण खायचा. हा नियम मला फार आवडायचा. त्यात काहीतरी नैतिक उंची आहे असं वाटायचं, आणि स्टाफरूममध्ये मी ती उंची अधूनमधून वापरायचेसुद्धा. अडचण एवढीच होती की माझं सायकल चालवणं कच्चं होतं. समुद्रातून मी पुढच्या बायकांत बाहेर यायचे आणि सायकलवर बसले की एकेक जण नमस्कार करून पुढे जायचा. जाणकारांनी सल्ला दिला की नुसत्या सायकलच्या शर्यतींत उतर. घोळक्यात चालवायला लागलीस की वेग येईल.

म्हणून मी रविवारी सकाळी अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या एका घोळक्यात सामील झाले. तिथे सगळंच उलटं. पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर राहायचं, कारण त्याच्या आडोशाला मेहनत निम्म्याने कमी होते. आपली पाळी आली की आपण पुढे जाऊन वारा खायचा आणि बाकीच्यांनी आपल्या आडोशाला यायचं. इतक्या जवळून चालवताना मागच्याला रस्ता दिसत नाही. म्हणून पुढच्याने खड्डा दिसला की हँडलवरचा एक हात काढायचा आणि खड्डा ज्या बाजूला असेल तिकडे खाली दाखवायचा. मागचा तो हात बघून वळतो, आपला हात दाखवतो, आणि असं करत निरोप शेवटच्या माणसापर्यंत जातो. रायगडात राहून असा संकेत नसता तर सायकलस्वारांची जमात एका पावसाळ्यात नष्ट झाली असती.

मला हे जमेना. पाच वर्षं एकटीने चालवलेली. खड्डा दिसला की मी तो चुकवायचे आणि पुढे जायचे. माझ्यामागे कुणी आहे ही गोष्टच माझ्या डोक्यात नसायची. त्या घोळक्यात एक मुलगी होती. मुलगी म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरची. रेवदंड्यापासून आत, भातशेतीच्या एका गावातली. तिने मला शिकवायचं मनावर घेतलं. ती माझ्या मागे राहायची आणि खड्डा आला की ओरडायची, "हात, मॅडम, हात." गतिरोधकाला, "हात, मॅडम." रस्त्यात म्हैस बसली असेल तर, "म्हशीला तरी हात दाखवा." तीन महिन्यांनी माझा हात आपोआप मागे जायला लागला. एका रविवारी तर चहाच्या टपरीवर उभी असताना कुणाची तरी पिशवी पायाशी आली आणि मी हात दाखवला. ती हसून हसून खाली बसली.

तिला सायकलचा छंद नव्हता. तिला सायकलची गरज होती. पोलीस भरतीच्या परीक्षेत तिला लेखीचे गुण दोनदा थोडक्यात कमी पडले होते. पळण्यात, गोळाफेकीत ती कुणाला ऐकत नसे. भरतीत खेळाडूंसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात, राज्य स्पर्धेतलं पदक असलं की त्यावर अर्ज करता येतो. राज्य स्पर्धेला जायचं तर जिल्ह्याच्या निवड शर्यतीत पहिल्या दोघींत यायला हवं. आणि भरतीच्या वयोमर्यादेतली तिची दोनच वर्षं उरली होती. हे सगळं तिने मला चौलच्या चढावर, न धापता सांगितलं होतं. मी धापत ऐकलं.

निवड शर्यतीत मीही उतरावं हे तिनेच सुचवलं. सरावात काय कळतं, खरं काय ते शर्यतीत कळतं, असं तिचं म्हणणं. मी अनुभव म्हणून उतरते आहे असं सगळ्यांना सांगितलं. मलाही ते खरं वाटत होतं.

शर्यत सकाळी सातला सुटणार होती. पाहुणे साडेआठला आले. मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे पाहुण्यांची वाट पाहणं मला अभ्यासक्रमाचा भाग वाटतो. नारळ फुटला, मग पाहुण्यांना हिरवा झेंडा मिळाला, तो त्यांनी उलटा धरला, आणि तेवढ्यात त्यांना फोन आला. फोन संपेपर्यंत आम्ही सात बायका एक पाय पेडलवर आणि एक पाय रस्त्यावर ठेवून उभ्या होतो. कार्तिकाचं ऊन तोवर डोक्यावर आलं होतं.

अलिबागहून रेवदंडा आणि परत असा रस्ता होता. माणगावहून आलेल्या एका कॉलेजकन्येने पहिल्या दहा मिनिटांत आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. तिच्याबद्दल मला एवढंच सांगता येईल की तिचे मोजे पिवळे होते. उरलेल्यांपैकी चौघी परतीच्या वळणाआधीच मागे पडल्या. दुसऱ्या जागेसाठी आम्ही दोघीच राहिलो, ती आणि मी.

आम्ही पाळ्या लावल्या. खरं म्हणजे तिने लावल्या. माझी पाळी आली की मी मिनिटभर पुढे राहायचे आणि तिला माझा श्वास ऐकू गेला की ती पुढे यायची. "दम घ्या, मॅडम. मी हाय पुढं." समुद्राकडून वारा आडवा येत होता. तो जास्त करून तिनेच खाल्ला. मी तिच्या आडोशाला बसले आणि पाय ताजे ठेवले. ट्रायथलॉनमध्ये मला याबद्दल शिक्षा झाली असती. इथे ते शहाणपण होतं.

नागावच्या अलीकडे ती बाजूला झाली, मला पुढे जायची खूण केली आणि माझ्या मागे आली. यात काही लबाडी नव्हती. शेवटच्या पट्ट्याआधी आडोशाला राहायचं आणि मग बाहेर पडून पुढे निघून जायचं, हे तिने मला स्वतः शिकवलं होतं. आता ती तेच करणार हे मला कळलं. इतका वेळ मी अनुभव म्हणून चालवत होते. त्या क्षणी मला दुसरी यायचं होतं. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही. मला नोकरी होती, कायम होती, निवृत्तीनंतरची सोयसुद्धा होती. पण सेहेचाळिसाव्या वर्षी आपण राज्य स्पर्धेला निवडले गेलो, हे वाक्य मी मनात एकदा म्हणून पाहिलं आणि ते मला आवडलं.

नागावला रस्ता नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जातो. तिथे उन्हाचे कवडसे रस्त्यावर पडतात, सगळं डांबर ठिपक्याठिपक्यांचं होतं आणि कुठे सावली संपते अन् कुठे खड्डा सुरू होतो हे कळत नाही. मला कळलं. चांगलं लांबून कळलं. मी हँडल किंचित डावीकडे घेतलं. उजवा हात मागे जायला हवा होता.

गेला नाही.

मागे पत्र्याचा डबा आपटल्यासारखा आवाज झाला, मग काहीच नाही. पंक्चर झालं असेल, असं मी मनात म्हटलं. हे वाक्य इतक्या तयार स्थितीत आलं की ते आधीपासून शिवून ठेवलं होतं की काय, असा मला अजून संशय आहे. मी वळून पाहिलं नाही. पेडल मारत राहिले. दुसरी आले.

बक्षीस समारंभात पाहुणे खिलाडूवृत्तीवर बोलले. खेळात हारजीत महत्त्वाची नसते, असं त्यांनी हरलेल्या आणि जिंकलेल्या अशा दोघांनाही ऐकवलं. सायकलवाले चषक पुरुष गटात संपले होते, त्यामुळे माझ्या चषकावर सोनेरी फलंदाज होता. तो हातात घेऊन मी फोटोला उभी राहिले, तेव्हा आयोजकांपैकी एकाने कानाशी येऊन सांगितलं, की तुमच्यासोबतची ती पोरगी नागावला पडली, टेम्पोने दवाखान्यात नेली आहे. मी म्हणाले, "अरे बापरे." फोटोत माझं तोंड उघडं आहे ते त्यामुळे.

दुपारी दवाखान्यात गेले. चषक गाडीत, सीटखाली ठेवला. खांद्याचं हाड मोडलं होतं, उजवा हात गळ्यात बांधलेला, गालावर खरचटलेलं. शेजारी स्टुलावर तिची आई. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "दुसऱ्या आलात ना, मॅडम?" मी हो म्हणाले. "बरं झालं," ती म्हणाली. "चूक माझीच. लईच चिकटले व्हते तुमाला."

माझ्यासमोर त्या वेळी दोन वाक्यं होती. एक खरं आणि एक सोपं. मी म्हणाले, "असं होतं गं."

आईने पेशंटसाठी आणलेलं मोसंबं सोललं आणि मला दिलं. मॅडम एवढ्या दमून आल्या, असं तिचं म्हणणं. मी नको नको म्हटलं आणि मग सगळं खाल्लं. बिया कुठे टाकायच्या कळेना, म्हणून मुठीत धरून बाहेर आले. आई दारापर्यंत सोडायला आली. तुमच्यासारख्यांची संगत आहे म्हणून पोरीची काळजी नाही, असं काहीसं ती म्हणाली. मी मान हलवली. बिया मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर टाकल्या.

पुढचे काही आठवडे मी स्वतःशी वाद घातला, आणि तो मला नीट घालता येतो, तोच माझा धंदा आहे. खड्डा मी खणला नव्हता. हात दाखवणं हा नियम नाही, संकेत आहे. ती जवळ चालवत होती हे तिने स्वतः मान्य केलं आहे. हे सगळे मुद्दे बिनतोड होते आणि रात्री भाकरी थापताना, सकाळी हजेरी घेताना, ते एकेक करून निरुपयोगी ठरत. रविवारी मी घोळक्याबरोबर जाणं बंद केलं. एकटीने किहीमकडे चालवायचे. तिथे माझ्या मागे कुणी नसताना माझा हात प्रत्येक खड्ड्याला मागे जायचा. नागावला तो का गेला नाही, हे तिथे मला कुणी विचारत नव्हतं, म्हणून मीच विचारायचे. राहून गेला की ठेवला? तो अर्धा क्षण मी इतक्या वेळा परत पाहिला की आता त्यात मला जे हवं ते दिसतं.

नवऱ्याला सांगितलं. तो विमा कंपनीत आहे. त्याने विचारलं, तू कबूल केलंस तर तिचं हाड लवकर जुळेल का? मी नाही म्हटलं. मग तो पेपर वाचायला लागला.

माणसासमोर कबूल करण्यापेक्षा कार्यालयासमोर करणं सोपं, म्हणून मी आयोजकांच्या सचिवांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुम्ही धक्का मारलात का?" नाही, म्हटलं. "वाट अडवलीत?" नाही. "मग खड्ड्याची तक्रार आमच्याकडे येत नाही. त्याला बांधकाम खातं आहे." शिवाय राज्य स्पर्धेसाठी माझं नाव गेलं आहे, जर्सीचं माप कळवा, असं त्यांनी सांगितलं. मी माप कळवलं.

जर्सी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या गावी गेले. भाताची झोडणी चालू होती. ती अंगणात वाळत घातलेल्या भाताशी राखणीला बसली होती, डाव्या हातात काठी, कोंबड्या हाकत. पडवीत तिची सायकल वाशाला टांगलेली, पुढचं चाक पिळवटलेलं. तिने बसायला पाट सरकवला. हात कसा आहे वगैरे झालं. मग मला वाटलं, आणखी एक प्रश्न विचारला तर मी परत घरी जाईन.

"खड्डा मला दिसला होता," मी म्हणाले.

ती कोंबडीकडे बघत होती. "माहीत हाय, मॅडम."

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी परत सांगायला लागले, तर तिने काठीनेच थांबवलं.

"खड्डा दिसला की तुमची मान आधी हलती. मग हात येतो. म्हयनोन् म्हयने बघितलंय मी मागून. त्या दिवशी मान हलली. मी हाताची वाट बघत व्हते."

हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने ते माहिती म्हणून सांगितलं.

"मग दवाखान्यात चूक माझी का म्हणालीस?"

"आई व्हती ना. तिला कळलं असतं तर सायकल इकली असती तिनं दुसऱ्या दिवशी." तिने एक कोंबडी हाकलली. "आणि वाटलं, तुमी सांगाल. तवाच."

घरामागून झोडणीचा आवाज येत होता. मग तिने जे विचारायचं होतं ते विचारलं.

"मुद्दाम केलंत?"

नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं. हो म्हणायचंही आलं होतं, कारण हो म्हटल्यावर माणूस निदान मोकळा होतो. दोन्ही मला खात्रीने म्हणता येत नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणाले.

"म्हंजे व्हय धरू का न्हाय?"

"व्हय धर."

तिने मान हलवली, बाजारात भाव पटल्यावर हलवतात तशी. मी माफी मागितली, तिने ती ऐकली, आणि त्याबद्दल काही म्हणाली नाही. अजूनपर्यंत म्हणालेली नाही. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी तुमी उतरायचं न्हाय. मला एकच वर्ष हाय आता."

मी कबूल झाले. राज्य स्पर्धेतलं नावसुद्धा मागे घेते, असं म्हणाले. त्यावर ती पहिल्यांदा चिडली. "आता ते घेऊन काय? मला मिळणार हाय का ती जागा? जा गप."

एवढ्यात आई चहा घेऊन आली आणि काय बोलणं चाललंय म्हणून विचारलं. "मॅडम शर्यती सोडतायत," मुलगी म्हणाली. "वय झालं म्हणतात." आईने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "व्हय, आता कशाला उगा."

मी राज्य स्पर्धेला गेले. एकवीस जणी होतो, मी एकविसावी आले. सुरुवातीच्या चढावरच घोळका पुढे निघून गेला आणि उरलेलं अंतर मी एकटीने, आपला वारा आपण खात पूर्ण केलं. मागे कुणी नसल्याने हात दाखवायचा प्रश्न आला नाही.

तिचं हाड जुळलं. होळीच्या सुमाराला ती पुन्हा सायकलवर बसली. मी तिला निरोप पाठवला की सरावाला पुढे कुणी हवं असेल तर मी येते. ती आली. पुढचे सात-आठ महिने आठवड्यातून तीनदा मी तिच्या पुढे वारा खात रेवदंड्यापर्यंत जात होते. खड्डा, खडी, वाळू, कुत्रं, माशांच्या पाट्या घेऊन उतरणारी रिक्षा, सगळ्याला हात. तिने एकदाही "हात, मॅडम" म्हटलं नाही. ती आता माझ्या चाकापासून पूर्वीपेक्षा चार-पाच सायकली लांब राहायची. तेवढ्या अंतरावर आडोसा जवळजवळ मिळत नाही. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आपण पुढे आहोत आणि मागच्या माणसाला आपला उपयोग नाही, हे दर वेळी पंधरा-सोळा किलोमीटर कळत राहणं ही शिक्षा मला कुणी दिली नव्हती, पण ती मोजूनमापून दिल्यासारखी होती.

निवड शर्यत आली. मी नाव दिलं नाही. कॉलेजात सांगितलं की आता मी मार्गदर्शनाकडे वळते आहे, आणि सांगताना आवाज जरा खाली घेतला, त्यागाला शोभेल असा. या वर्षी शर्यत रेवदंड्याहून सुटून अलिबागला संपणार होती. त्या दिवशी आयोजकांकडून लाल कापड मागून घेतलं आणि नागावला वाडीच्या सावलीत, रस्त्याच्या कडेला उभी राहिले. खड्डा बुजवला होता. बुजवलेल्या जागेचा उंचवटा झाला होता, म्हणून मी उंचवट्याला कापड दाखवायचं ठरवलं. पाहुणे या वर्षीही उशिरा आले असावेत, कारण मी दोन तास उभी होते. त्या दोन तासांत मी स्वतःला बऱ्यापैकी माफ करत आणलं होतं.

आधी एक मुलगी सुसाट पुढे गेली. मग ती आली, एकटीच. मी हातातलं कापड जिवाच्या आकांताने हलवलं. तिने उंचवटा चुकवला, माझ्याकडे बघितलं नाही आणि पुढे गेली. म्हणजे ती दुसरी होती. राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. मी तिथेच उभी राहून डोळे पुसले. एका माणसाने बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची, यात जे काही मोठं असतं ते मला त्या वेळी सगळं जाणवलं. मग उरलेल्या बायकांसाठी कापड सरसावून थांबले.

अर्ध्या तासाने आयोजकांची जीप कापड परत न्यायला आली. त्या वर्षी महिला गटात दोनच नावं आली होती.